दोन चमचे खोबरेल, रिकाम्या पोटी

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर परत तोच व्हिडिओ. रोज रिकाम्या पोटी दोन चमचे खोबरेल प्या, कोलेस्ट्रॉल म्हणजे औषध कंपन्यांनी उभं केलेलं भूत आहे. खाली बारा अंगठे. त्यातले आठ जण आमच्याच घरातले, दोन वर्षांपूर्वी बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या रात्री माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले!

आम्ही वेंगुर्ल्याकडचे, त्यामुळे खोबऱ्याच्या विरोधात मी काही बोलेन असं कोणी समजू नये. आजी सुकं खोबरं घाण्यावर पाठवून तेल काढून आणायची, त्यातला बांगडा, खवलेल्या खोबऱ्याचं वाटप, सोलकढी. हे खाणं आहे आमचं आणि ते मी सोडणार नाही. आजा तेच खाऊन ब्याऐंशी वर्षं जगला. पण आजा पहाटेपासून भाताच्या कुणग्यात असायचा, माडावर चढायचा, बाजाराला चालत जायचा. बाबा ठाण्याला सातव्या मजल्यावर, लिफ्टने खाली आणि लिफ्टने वर.

त्या बाबांनी असाच एक व्हिडिओ बघून दोन चमचे सुरू केले. चहाच्या आधी, उभ्या उभ्या. मी बोलले तर म्हणाले, "आमच्या आज्यान जल्मभर ह्याच खाल्ल्यान, तेका काय झाला?" आणि व्हिडिओवाल्यावर इतका विश्वास की कोलेस्ट्रॉलची गोळी पण बंद केली, कोणाला न सांगता. पाच महिन्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्ट्रॉल, १९० आणि मग ती रात्र.

डॉक्टर म्हणाले तेलाचा वाटा किती आणि गोळी सोडल्याचा किती हे वेगळं काढता येणार नाही. मान्य. पण गोळी सोडायला कोणी सांगितलं?

खोबरेलात ८० टक्क्यांच्या वर सॅच्युरेटेड फॅट असतं, एलडीएल वाढवणारं, लोण्यात पण एवढं नसतं. दोन मोठे चमचे म्हणजे जवळजवळ २४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला अख्ख्या दिवसाला साधारण २२ ग्रॅमच्या आत राहायचं असतं, म्हणजे चहा व्हायच्या आधीच दिवसाचा कोटा संपला आणि अजून जेवण, दूध, तूप सगळं बाकी. आणि ते एमसीटी एमसीटी म्हणून, म्हणजे मध्यम साखळीचं फॅट म्हणून, जे सांगतात ना, ते वेगळं काढलेलं तेल असतं, खोबरेलात जवळजवळ अर्धं लॉरिक ॲसिड, जे शरीरात बरंचसं साध्या लांब साखळीच्या फॅटसारखंच वागतं. २०२० साली संशोधकांनी माणसांवर केलेल्या १६ चाचण्या एकत्र करून बघितल्या, इतर वनस्पती तेलांपेक्षा खोबरेलाने एलडीएल सरासरी १० ने वाढलं. हो, चांगलं म्हणतात ते एचडीएलही ४ ने वाढलं, हे पण खरं. आणि पॅसिफिक महासागरातल्या टोकेलाऊ बेटांवरचे लोक नारळावरच जगायचे आणि त्यांना हार्टचा त्रास फारसा नव्हता हेही खरं. पण ते नारळ फोडून खायचे, मासे मारायचे, बाटलीतून तेल पीत नव्हते सकाळी सकाळी.

राग याचाच येतो. आजीच्या वाटपाचं नाव घेऊन बाटली विकतात. अशा व्हिडिओंच्या खाली लिंक असतेच, सहाशे रुपयांची.

लिहिताना थोडी शांत झाले. बाबांचा दोष नाही यात. गाव सुटलेल्या माणसाला कोणीतरी सांगतं की तुझ्या आजोबांचं खाणंच औषध होतं, त्याला किती बरं वाटत असेल. आता आई आठवड्यातून एकदा खोबरेलात बांगडा तळते, बाबा अर्धा तास चालतात, गोळी तिच्यासमोर घेतात.

मावशी, तू वाचतेयस मला माहितीये. व्हिडिओ तू टाकलायस आणि ग्रुपवर तुझ्याशी भांडणार नाही मी, तू मला लहानाची मोठी केलीयस. पण काकांना पण गोळी चालू आहे ना. तो डिलीट कर, आणि आज संध्याकाळी काकांना एकदा विचार, गोळी घेतायत का म्हणून. विचारून मला फोन कर, मी जागी आहे.