एळु, काय आणि मग

ताईचा फोन आला. भावोजींची बदली जर्मनीला झाली आहे आणि भाचाही बरोबर चाललाय. पोरगा चौदा वर्षांचा, नववीतला. आता थेट जर्मन शाळेत बसणार. तिकडे म्हणे नव्यानं आलेल्या पोरांसाठी वेगळे वर्ग असतात. आधी भाषा शिकवतात आणि मग बाकीच्या कळपात सोडतात. तरी ताईचा जीव टांगणीला लागलेला. "तू जरा बोल त्याच्याशी. तुला अनुभव आहे ना परदेशातल्या शाळेचा!"

मी आजतागायत पासपोर्ट काढलेला नाही. बेळगावात राहतो आणि फार तर कोल्हापूरला जातो. पण ताई म्हणते ते खोटं नाही. 1996 साली मीही चौदा वर्षांचा होतो, नववीत होतो आणि परदेशी गेलो होतो. कराडहून बैलहोंगलला.

बाबा फिटर. बैलहोंगल म्हणजे कापसाची पेठ. तिथल्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांना काम मिळालं. कोगनोळीपाशी आम्ही कर्नाटकची सीमा ओलांडली. निपाणीत चहावाला मराठी निघाला, बेळगावच्या स्टँडवर हमालही मराठी निघाला. "बघ, सगळे आपलेच आहेत," बाबा म्हणाले, "उगाच तोंड पाडून बसलायस." मग दुसरी बस पूर्वेला लागली. दर थांब्याला मराठी उतरत गेलं आणि कन्नड चढत गेलं. शेवटी बसमध्ये मराठी बोलणारे आम्ही चौघेच उरलो. त्यातले बाबा गप्प झाले होते.

मला कन्नड शाळेत घालायचं ठरलं. मराठी शाळेसाठी रोज बसनं बेळगावला पाठवणं परवडणारं नव्हतं. बाबांचा युक्तिवाद असा की भाषा पोहण्यासारखी असते, पाण्यात टाकलं की येते. बाबांना पोहता येत नव्हतं.

आता जे सांगतो ते भाच्याच्या मोबाइलमधलं कुठलं ॲप त्याला शिकवणार नाही. जो शब्द कळत नाही, तो काही वाकडं करत नाही. कानावरून जातो, आपण मान हलवतो, संपलं. घात करतो तो ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द. घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हा अख्खा गाव 'हत्ति'वर चालतो. मी दोन दिवस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून वाट पाहिली. हत्ति म्हणजे कापूस. हत्तीला 'आने' म्हणतात, आणि आणे तर तोवर कधीच बंद झाले होते.

शाळेत दाखल करताना वर्गशिक्षकांनी विचारलं, "हेसरु?" आणि छातीवर बोट ठेवलं. हे कळलं, मी नाव सांगितलं. "तंदे हेसरु?" इथं माझी गाडी अडली. त्यांनी मिशीवर हात फिरवला, मी बाबांचं नाव सांगितलं. मग ते म्हणाले, "तायी हेसरु?" हा प्रश्न तर मिशीविनाच सुटणारा होता. ताईचं नाव! मी ते खणखणीत आवाजात सांगितलं, वर दोन बोटं दाखवून 'माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी' हेही खुणेनं समजावलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि लिहून घेतलं. बाबांनी फॉर्मवर न वाचता सही ठोकली. वाचायला घेतला असता तरी फरक पडला नसता.

कन्नडमध्ये तायी म्हणजे आई.

हे मला दहावीनंतर कळलं, शाळेचा दाखला हातात आल्यावर. तोवर मला कन्नड वाचता येऊ लागलं होतं, हेच दुर्दैव. त्या कागदाप्रमाणे ताईनं मला वयाच्या दुसऱ्या वर्षी जन्म दिलेला आहे, आणि जर्मनीला निघालेला हा भाचा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

बाकावर शेजारी खानापूरकडचा एक मुलगा बसायचा, मामाकडे शिकायला राहिलेला. तो माझा दुभाषी. पण शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी. सर पाच मिनिटं हातवारे करून बोलले की मी विचारायचो, काय म्हणाले? तो म्हणायचा, "काय नाही गा, अभ्यास करा म्हणत्यात."

त्यानं पहिल्या दिवशी शिकवलेला शब्द 'एळु', म्हणजे ऊठ. सर नाव घेऊन 'एळु' म्हणाले की उभं राहायचं. मी तो गिरवून ठेवला. दुसऱ्या तासाला बीजगणित. सरांनी फळ्यावर समीकरण सोडवलं आणि म्हणाले, "एक्स बेलि एळु." मी उठलो. सरांनी पाहिलं, मी बसलो. पुढच्या उदाहरणात पुन्हा एळु. मी पुन्हा उभा. त्या दिवशी काय योग होता कोण जाणे, एक्सला दुसरी किंमतच सापडेना. चौथ्यांदा उठलो तेव्हा शेजाऱ्यानं शर्ट ओढला. "तुला उठ म्हणत नाहीत गा ते! सात म्हणत्यात, सात!" एळु म्हणजे ऊठ आणि एळु म्हणजे सातही. ज्या भाषेत आकडे ऐकून माणसं उभी राहतात, तिच्यात गणित शिकवायचं धाडस त्या लोकांनी केलंच कसं, हे मला अजून उमगलेलं नाही.

सरांना मात्र वाटलं, पोराला उत्तर द्यायची घाई झालीय. त्यांनी फळ्यापाशी बोलावलं. फळ्यावरचे आकडे काही कन्नड नव्हते. मी गणित सोडवलं. सर खूश होऊन वर्गाला म्हणाले, "शाण्या अदान!" आता साताऱ्याकडे 'लई शाणा हायस' म्हटलं की पुढं पाठीत बसतो. मी पाठ फळ्याला टेकवून उभा राहिलो. तिकडच्या कन्नडमध्ये शाण्या म्हणजे खरोखरचा हुशार. मराठीतून गेलेला शब्द तिथं मान मिळवून बसलाय, आणि घरी आपण त्याची काय गत केली!

माझी सगळ्यात वाईट खोड म्हणजे 'मग'. कुणी काही सांगायला लागलं की मी "मग?" म्हणायचो. कन्नडमध्ये मग म्हणजे मुलगा, लेक. निवृत्तीला आलेले हेडमास्तर व्हरांड्यात मला प्रेमानं काही विचारत होते आणि मी दर वाक्याला त्यांना "मग? मग?" म्हणत होतो. चौथ्या 'मग'ला त्यांनी चष्मा काढला. शेजारी धावत आला आणि त्यानं बराच वेळ काहीतरी सांगितलं. एवढं लांबलचक बोलताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

इतिहासाच्या तासाला वेगळीच कथा. बैलहोंगलात कित्तूरच्या राणी चेन्नम्माची समाधी आहे, त्यामुळे तो धडा तिथं पाठ्यपुस्तकातला नसून घरचा असतो. सर आवेशानं सांगत होते. चाळीस मिनिटांत मला एकच शब्द कळला, 'थ्याकरे'. मी घाबरून विचारलं, काय झालं? शेजारी म्हणाला, "चेन्नम्मानं ठाकरेला मारलं." मी महाराष्ट्रातून आलेलो, आणि साल 1996. कधी, विचारलं, तर म्हणाला, "ऑक्टोबरात." घरी येऊन बाबांना रेडिओ लावायला लावला. तो ऑक्टोबर 1824 सालचा होता आणि मेलेला माणूस धारवाडचा इंग्रज कलेक्टर होता, हे कळेपर्यंत रात्रीचं जेवण बेचव गेलं.

आईची शाळा बाजारात भरायची. ती पाटीकडे बोट दाखवून विचारायची, "हे काय?" बाई म्हणायची, "बदनीकाय." "आणि हे काय?" "हीरीकाय." "बरं, ते काय?" "सौतीकाय." आई घरी येऊन वैतागली. "मी विचारतेय काय, तर ती उलट मलाच विचारतेय काय!" वांगं, दोडका, काकडी, सगळ्यांच्या शेपटीला काय. पण महिन्याभरात ती घासाघीस करू लागली, आणि मी अजून अक्षरांशी झटत होतो. कन्नड अक्षराच्या डोक्यावरच्या त्या तुऱ्याला तलेकट्टु म्हणतात, म्हणजे डोक्याला बांधलेलं. पटका बांधून बाजाराला निघालेल्या शेतकऱ्यांची रांगच ती. जोडाक्षरातला दुसरा गडी शेजारी न बसता खाली लोंबतो. एसएसएलसीच्या, म्हणजे तिकडच्या दहावीच्या, 625 गुणांतले 125 या मंडळींच्या हातात होते. पास झालो. किती पडले ते विचारू नका, ताईलाही सांगितलेलं नाही. दोन्ही अर्थांनी.

भाच्याला यातलं थोडंसंच सांगितलं. तो हसला, गेला. तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला.

"मामा, बाई माझ्याकडे बघून सारखं 'या, या' म्हणतात. मी तीनदा उठून त्यांच्या टेबलापाशी गेलो. सगळा वर्ग हसतो."

"या म्हणजे तिकडे हो."

"आता कळलं."

"ते जाऊ दे. शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव कुणी लिहिलं?"

"पप्पांनी."

"सुटलास," मी म्हटलं.