खुलासा: ‘अनेक ओकची व्हिस्की’ म्हणजे मिश्रण नव्हे

बेंगळुरूच्या अमृत कंपनीची ‘स्पेक्ट्रम’, अनेक प्रकारच्या ओक लाकडात मुरवलेली व्हिस्की, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्यांची भेळ, शिवाय रंग इतका गडद म्हणजे फार जुनी, असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

व्हिस्की एकच. आधी ती साध्या पिंपात मुरते, मग खास बांधलेल्या पिंपात जाते. त्या एकाच पिंपाच्या फळ्या वेगवेगळ्या: काही नव्या अमेरिकन ओकच्या, काही फ्रेंच ओकच्या, काही शेरीच्या (एक कडक स्पॅनिश वाइन) जुन्या पिंपांतून काढलेल्या. रंग गडद होतो तो शेरीच्या आणि नव्या लाकडामुळे. त्यावरून वय ठरवू नका. बेंगळुरूच्या हवेत व्हिस्की स्कॉटलंडपेक्षा लवकर मुरते.

लाकडाचा प्रश्न क्षुल्लक नाही. कंपास बॉक्स या स्कॉच कंपनीने 2005 मध्ये ‘स्पाइस ट्री’ या व्हिस्कीसाठी पिंपात जादा फ्रेंच फळ्या बसवल्या, तर स्कॉच व्हिस्की असोसिएशनने, म्हणजे उत्पादकांच्या संघटनेने, ते बंद पाडलं. 2009 मध्ये ती परतली, फ्रेंच ओकची झाकणं लावलेल्या पिंपांतून.

चव घेताना घाई नको. आधी नुसता वास घ्या: मनुका, खजूर, म्हणजे शेरी. मग दोन थेंब पाणी घाला. व्हॅनिला आणि भाजल्या खोबऱ्याचा वास वर आला, तर तो अमेरिकन ओक.