साखळीची शेवटची कडी

आषाढात गुहागरला पाऊस एकदा धरून बसला की वाडीत उतरायचे निमित्त उरत नाही, वीज गेलेली असल्यामुळे टीव्हीची आडही घेता येत नाही, आणि बारावीतल्या मुलीने वही पुढे केली तर बापाने पळावे कुठे, हा प्रश्न पडतो. “बाबा, तीन क्ष वर्ग अधिक पाच, या कंसाचा चौथा घात. चेन रूलने डेरिव्हेटिव्ह काढून द्या,” असे तिने मेणबत्तीच्या उजेडात फर्मावले. डेरिव्हेटिव्ह म्हणजे विकलन, क्ष बदलला की राशी किती दराने बदलते ते; आणि चेन रूल म्हणजे साखळी नियम, एका राशीच्या पोटात दुसरी राशी असली की विकलन काढायचा. मी गणिताचा पदवीधर आहे ही गोष्ट लग्न जमवताना फार उपयोगी पडली होती. पंचवीस वर्षांनी ती अशी अंगाशी येईल असे वाटले नव्हते.

मी घात पुढे आणला, कंस जसाच्या तसा ठेवला, घातातून एक वजा केला आणि ‘चार गुणिले कंसाचा घन’ असे झोकात लिहून टाकले.

“आणि आतलं?” तिने विचारले.

आतले म्हणजे कंसातल्या बहुपदीचे विकलन, सहा क्ष. त्याने गुणायचे असते, आणि तेवढेच मी कॉलेजपासून विसरत आलो आहे. परंतु मुलीपुढे लगेच हार मानणे माझ्या स्वभावात नसल्यामुळे, कंस उलगडून पडताळा घेऊ, असे मी जाहीर केले. किराणा सामानाच्या दोन याद्यांच्या पाठीमागे बेरजा-गुणाकार करून पाच पदे मिळाली, त्यांचे एकेक करून विकलन केले आणि क्षच्या जागी १ घातला. उत्तर आले १२,२८८. माझ्या सुटसुटीत उत्तरातून निघाले २,०४८, म्हणजे बरोबर सहावा हिस्सा. हरवलेला सहा क्ष तिथे दात विचकून बसला होता. नशीब, घात चौथाच होता. दहावा असता तर घरातल्या याद्या पुरल्या नसत्या.

मग मी शिकवण्याची बाजू सावरली. आमच्या विहिरीवर आजोबांच्या काळी बैलरहाट होता. समज, बैलाच्या एका फेरीत रहाटाचे चाक तीनदा फिरते आणि चाकाच्या एका फेऱ्यात बारा लोटे पन्हळीत रिते होतात; मग बैलाच्या एका फेरीमागे लोटे किती? छत्तीस. दर एकमेकांना जोडलेले असले की त्यांचा गुणाकार होतो. साखळी नियम म्हणजे एवढेच. हे मी इतके सुरेख सांगितले की ओटीवर सुपारी कातरणारी माझी आईदेखील क्षणभर थांबली. (नंतर कळले, तिचा अडकित्ता अडकला होता.)

“हे इतकं येतं, तर मग विसरता कसे?” मुलगी म्हणाली.

“हे विकलनाचे गणित रचणाऱ्या लायब्निझने १६७६ साली हा नियम पहिल्यांदा वापरला, तेव्हा त्याच्याही गणितात चूक झाली होती,” मी अभिमानाने म्हणालो.

“त्यांचं चिन्ह चुकलं होतं, बाबा. तुमचं अख्खं पदच नाहीसं आहे.”

यावर तिने तीन पदरांचे उदाहरण घातले: क्ष वर्ग अधिक एक, त्याचा घन, त्यात दोन मिळवून सगळ्याचा पाचवा घात. मी बाहेरचा पाच उतरवला, मधला तीनही न विसरता उतरवला, पंधरा असे ठसठशीत लिहिले आणि विजयी मुद्रेने पेन्सिल खाली ठेवली. तिने काही न बोलता ती उचलली आणि शेवटी दोन क्ष जोडला.