'पिंपल्सचा बाऊ करू नका' म्हणणाऱ्या काका-काकूंना

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पिंपल्सचं खरं कारण' नावाचा फॉरवर्ड आला आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. त्याच ग्रुपवर माझी अकरावीतली भाची आहे. तिने तो वाचला, म्हणून हे लिहिते आहे. त्यातला दावा असा: मुरुम हा आजारच नाही. चेहरा नीट न धुतल्याने, तळकट खाल्ल्याने आणि मनात 'नको ते विचार' आल्याने ते येतात. मुलं उगाच बाऊ करतात. लिंबू चोळा, लग्न झालं की जातात.

चेहरा धुण्याचं आधी उरकते. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात, त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्राचं तोंड मृत पेशींनी बंद होतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. हे सगळं कातडीच्या आत चालतं. ब्लॅकहेडचा काळेपणासुद्धा मळाचा नसतो. घासून घासून धुतल्याने त्वचा उलट चिडते.

खाण्याबद्दल थोडं मान्य करावं लागेल. साखर-मैद्यासारखे रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केल्यावर काहींचे मुरुम कमी होतात. पण म्हणून पोरीने भजं उचललं की सगळ्या पंगतीने तिच्या गालांकडे बघायचं का?

'नको ते विचार' या मुद्द्याने माझं डोकं फिरलं. याला काडीचाही आधार नाही. मुरुम किती येणार हे संप्रेरकांवर आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकतेवर ठरतं. हे वाक्य वाचल्यावर सोळा वर्षांच्या मुलीला वाटणार की आपल्या तोंडावरचा प्रत्येक फोड म्हणजे आपल्या मनाची चहाडी आहे, आणि घरातला प्रत्येक मोठा माणूस ती वाचतो आहे. आधीच ही मुलं केस गालावर ओढून बसतात, ग्रुप फोटोच्या वेळी गायब होतात, लग्नकार्याला यायचं टाळतात. त्यात आता चारित्र्याचा संशय?

आणि 'बाऊ' म्हणता ना? नॉर्वेतल्या ऑस्लो शहरातल्या 18-19 वर्षांच्या 3,775 मुलामुलींचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना खूप मुरुम होते, त्यांच्यातल्या जवळजवळ दर चौघांत एकाने आत्महत्येचे विचार येतात असं सांगितलं. मित्रांशी जवळीक कमी, शाळेत मन न रमणं, हेही त्यांच्यात जास्त आढळलं. मुरुमांमुळेच हे होतं असं या अभ्यासाने सिद्ध होत नाही, हे खरं. पण नैराश्याची लक्षणं आणि घरचं उत्पन्न हिशेबात धरूनही आत्महत्येच्या विचारांशी असलेला संबंध उरलाच.

लिंबाने त्वचा भाजते आणि आपल्या सावळ्या कातडीवर त्याचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. मग ते घालवायला मेडिकलमधून कुणीतरी 'गोरं करणारी' ट्यूब आणतं. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड, म्हणजे सूज दाबणारं जोरदार औषध असतं. सुरुवातीला चेहरा छान दिसतो. लावणं थांबवलं की लालसर होऊन पुरळ दुपटीने उठतं. 2018 मध्ये सरकारने अशा 14 स्टिरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती उगाच नाही.

राहिलं लग्न. विशी सरता सरता पुष्कळांचे मुरुम कमी होतात, लग्न होवो न होवो. खड्डे मात्र राहतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जायचं. अडॅपलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडसारख्या मुरुमांवर लावायच्या औषधांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि नेमक्या त्याच काळात मुलं धीर सोडतात. तेवढे महिने भाची भेटली की तिच्या अभ्यासाबद्दल विचारा, तिच्या कबड्डीबद्दल विचारा. चेहऱ्याचा विषय तिने काढला तरच काढा. आणि तो फॉरवर्ड आजच ग्रुपवरून डिलीट करा.