कर्णधार तिसऱ्या फळीत

ब्रॅड मार्शंड हा बोस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी संघाचा कर्णधार होता. आख्खी कारकीर्द त्या एकाच संघात, 2011चा स्टॅनले चषक, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगचं विजेतेपद, गाठीशी, वय 36. मार्च 2025मध्ये बोस्टनने त्याला फ्लोरिडा पँथर्सकडे धाडलं आणि फ्लोरिडाने त्याला थेट तिसऱ्या फळीत टाकलं, अँटन लुंडेल आणि एटू लुओस्तारिनेन या दोन फिनिश पोरांबरोबर. जूनमध्ये त्याच तिसऱ्या फळीने आमच्या, कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्सचं कंबरडं मोडलं. अंतिम मालिकेत मार्शंडचे सहा गोल, आणि चषक सलग दुसऱ्या वर्षी फ्लोरिडात.

‘बोस्टनच्या कर्णधाराला तिसऱ्या फळीत बसवून अपमान केला’ असं त्या तीन महिन्यांत इथे कोणी म्हणताना मी ऐकलं नाही. म्हणूनच मला डिसेंबर 2024मधला आमचा दादरच्या मित्रमैत्रिणींचा ग्रुप आठवत राहतो. पर्थच्या कसोटीत रोहित शर्मा नव्हता. जयस्वाल आणि राहुल यांनी दुसऱ्या डावात 201 धावांची सलामी दिली. पुढच्या, अ‍ॅडलेडच्या कसोटीत परतलेल्या रोहितने ती जोडी तशीच ठेवली आणि स्वतः सहाव्या क्रमांकावर उतरला. झालं! ‘भारताच्या कर्णधाराला सहाव्यावर ढकललं’, ‘मुंबईकरावर अन्याय’, रात्रभर नुसता धुरळा. त्याने 3 आणि 6 धावा केल्या, मग तर विचारूच नका. याच रोहितने 2013मध्ये ईडन गार्डन्सवर पदार्पणात 177 धावा केल्या त्या सहाव्या क्रमांकावरूनच, हे सांगायला गेले तर उत्तर आलं, तू कॅनडात बसून आम्हाला शिकवू नकोस.

बरं, बसलेच आहे कॅनडात, तर इथलं सांगते.

आइस हॉकीत सामन्याला बारा फॉरवर्ड उतरतात. तिघातिघांच्या चार फळ्या, मध्ये सेंटर आणि दोन बाजूंना विंगर. एक फळी पाऊण मिनिटाच्या आसपास बर्फावर राहते, तेवढ्यात धाप लागते, मग कठड्यावरून उडी मारून पुढची. यजमान संघाला एक फायदा असतो: खेळ थांबला की पाहुण्यांनी आधी माणसं बदलायची, ती बघून यजमानांनी. म्हणजे समोरच्याची सर्वोत्तम फळी आली की तिच्यासमोर आपली सर्वांत चिवट फळी सोडता येते. पाहुण्या प्रशिक्षकाला हे करता येत नाही, त्याला खेळ चालू असतानाच चोरून बदल साधावे लागतात.

आता एडमंटनचं दुखणं. कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसायटल हे दोघेही सेंटर, दोघेही जगातल्या पहिल्या चार-पाचांत मोजले जाणारे. दोघांना एका फळीत घाला, समोरच्या बचावाची त्रेधा उडते. पण मग दुसऱ्या फळीचा कणा रायन न्यूजंट-हॉपकिन्सवर येतो, तिसरी-चौथी नुसती वेळ काढते, आणि समोरच्या प्रशिक्षकाला एकाच फळीला वेसण घालायची असते. फ्लोरिडाकडे त्यासाठी अलेक्झांडर बार्कोव्ह होता. वेगळे ठेवा, तर त्याने कोणाकोणाला अडवायचं? शिवाय समोरच्याचा माणूस शिक्षा भोगायला बसला की पॉवर प्लेमध्ये हे दोघे एकत्र येतातच. 2022-23मध्ये ऑइलर्सने 32.4 टक्के पॉवर प्लेंचा गोल केला. एनएचएलमध्ये एवढा वरचा आकडा त्याआधी कोणी गाठला नव्हता.

या शहरात हा वाद जुनाच आहे. तेव्हाचा प्रशिक्षक ग्लेन सॅदर याने 1983-84मध्ये मार्क मेसिएला विंगवरून काढून सेंटरला आणलं, म्हणजे वेन ग्रेट्स्कीच्या मागोमाग दुसरी तितकीच भारी फळी तयार झाली. त्या वर्षी एडमंटनने पहिला चषक जिंकला आणि मालिकावीर ठरला मेसिए. ग्रेट्स्कीच्या बाजूला यारी कुरी होता, पास यायच्या आधी जागेवर पोचणारा. आज मॅकडेव्हिडच्या बाजूला बहुतेकदा झॅक हायमन असतो. हायमन काही जादूगार नाही. तो गोलसमोर उभा राहून मार खातो, कोपऱ्यातून पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, उकरून काढतो, आणि 2023-24मध्ये त्याने 54 गोल केले. ‘दुसरा सर्वोत्तम कोण’ म्हणून शोधला असता तर तो त्या जागेवर कधी आला नसता. मॅकडेव्हिडला काय लागतं, असं विचारल्यावर सापडतो.

आपल्याकडे हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. कोण संघात, कोण बाहेर, कोण कितव्या नंबरवर, यावर आपण घसा कोरडा करतो. कोणाबरोबर कोण, हे बहुधा अपघाताने कळतं. सचिन 1994मध्ये ऑकलंडला एकदिवसीय सामन्यात सलामीला गेला कारण सिद्धूची मान आखडली होती. 49 चेंडूंत 82! मान आखडली नसती तर आणखी किती वर्षं तो मधल्या फळीतच राहिला असता, कोण जाणे.

इथले लोक फार समंजस आहेत असं मात्र कोणी समजू नये. मुलांच्या हॉकीच्या सरावाला थंडीत पहाटे सहाला रिंकवर जा. काचेला नाक लावून उभे असलेले आईबाप आपलं पोर कितव्या फळीत आहे ते शिवाजी पार्कच्या नेट्सबाहेरच्या आईबापांइतकंच काटेकोर मोजतात. फक्त कॉफीचा कप हातात धरून, हळू आवाजात. रेडिओवर तर ऑइलर्स दोन सामने हरले की फोन करणारा प्रत्येक जण प्रशिक्षक असतो.

फरक आहे तो चुकीच्या किमतीत. ऑइलर्सच्या प्रशिक्षकाने चुकीचं त्रिकूट उतरवलं तर पुढच्या मिनिटाला ते मोडता येतं, आणि तो मोडतोही. पहिल्या वीस मिनिटांतली फळी तिसऱ्या वीस मिनिटांत ओळखू येत नाही. कसोटीत एकदा अकरा जणांची यादी दिली की पाच दिवस तीच. आणि पैसा. ड्रायसायटलचा आठ वर्षांचा करार 11.2 कोटी डॉलरचा. त्याला उद्या चौथ्या फळीत टाकलं तरी पगार तेवढाच येणार. रणजीत हंगामामागून हंगाम धावा करून फोनची वाट बघणाऱ्या पोराला असं कवच नाही. त्याचं नाव यादीत नसणं म्हणजे खरोखरच आयुष्य हुकणं. त्यामुळे ग्रुपवरचा संताप मला पोरकट वाटत नाही. तो चुकीच्या माणसासाठी खर्च होतो, एवढंच. सहाव्या क्रमांकावर गेलेल्या कर्णधाराला तुमच्या सहानुभूतीची गरज नव्हती. त्याने चालती जोडी मोडली नाही, हा त्या दौऱ्यातला त्याचा सर्वांत शहाणा निर्णय होता, धावा झाल्या नाहीत तरी. मेलबर्नला तो पुन्हा सलामीला आला, राहुल तिसऱ्यावर सरकला, गिल बाहेर बसला, आणि रोहितच्या धावा 3 आणि 9. सिडनीत तो स्वतःच बाहेर बसला. या फेरबदलाबद्दल ग्रुपवर चकार शब्द नव्हता, कारण कर्णधार त्याच्या ‘जागेवर’ परत गेला होता ना!

ऑइलर्सचं म्हणाल तर माझं मत पक्कं आहे. मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल वेगळे, हायमन मॅकडेव्हिडकडे, न्यूजंट-हॉपकिन्स विंगवर. एका गोलने मागे असताना शेवटच्या पाच मिनिटांत दोघे एकत्र, तेही घरच्या बर्फावर. आणि तिसऱ्या फळीसाठी कोणीतरी मार्शंडसारखा म्हातारा खट्याळ माणूस शोधा, ज्याला कितव्या फळीत आहोत याचं सोयरसुतक नाही.