बंद खोलीतला कॅमेरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खऱ्या गुन्ह्यांवर पुन्हा पुन्हा निघणाऱ्या मालिकांबद्दल मी 'मेलेल्याची बाजू कोण मांडणार?' हा लेख लिहिला होता. त्यावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा नानावटी खटला साठ वर्षांहून जुना, कागदपत्रं सगळ्यांना खुली, तेव्हा त्यावर कुणीही कितीही वेळा मालिका काढावी. सुरुवातीला 'काल्पनिक' अशी पाटी असतेच. थोडं तिखटमीठ लावल्याशिवाय कोर्टकचेरी कोण बघणार? आणि माझ्यासारख्या लोकांना मनातून बंदीच हवी असते.

बंदीचं आधी सांगून टाकतो. मला बंदी नको, परवानगी देणारी समितीही नको. लेखात तसं एकही वाक्य नाही.

कागदपत्रांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि कायदाही तुमच्या बाजूनं आहे. ऑटो शंकर या खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून झालेल्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली स्पष्ट सांगितलं, की कोर्टाच्या नोंदींसह जे जे सार्वजनिक नोंदीत आलं आहे ते प्रसिद्ध करायला कुणाच्या संमतीची गरज नाही. लैंगिक अत्याचार किंवा अपहरणासारख्या गुन्ह्यांतल्या पीडित स्त्रियांची ओळख तेवढी त्यातून वगळली. ठीक. मग नोंदीत काय आहे ते बघू.

२७ एप्रिल १९५९. बायको सिल्व्हियानं प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर कमांडर कावस नानावटीनं बायकोमुलांना मेट्रोला सिनेमाला सोडलं. तिथून तो आपल्या जहाजावर गेला. रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, असं खोटं कारण सांगून त्यानं एक रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या आणि कागदी पाकिटात घातल्या. आधी तो आहुजाच्या ऑफिसात गेला. तिथं तो भेटला नाही, म्हणून घरी. नोकरानं दार उघडलं. नानावटी बेडरूममध्ये शिरला आणि मागे दार लावून घेतलं.

यापुढचं फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यांतला एक काही क्षणांत मेला.

'तू सिल्व्हियाशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का?' असं आपण विचारलं आणि 'जिच्यासोबत झोपतो त्या प्रत्येकीशी लग्न करू का?' असं आहुजानं उत्तर दिलं, हे नानावटीनं कोर्टात सांगितलं. आहुजानं पाकिटाकडे हात नेला म्हणून झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या, हेही त्यानंच. आहुजाच्या तोंडचं ते वाक्य पुढे सगळ्या देशाला पाठ झालं. ते ऐकणारा माणूस मात्र एकच, आणि तोच आरोपी. निकालपत्रात टॉवेलाचा तपशील आहे. आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता. तीन गोळ्या लागून तो खाली पडला तरी कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता, सैलसुद्धा झाला नव्हता. मग झटापट झाली कुठे? दीड वाजता घरातून निघालेल्या माणसानं चार वीसला गोळ्या घातल्या. मधे डोकं शांत व्हायला भरपूर वेळ होता, असंही न्यायालयानं म्हटलं. २४ नोव्हेंबर १९६१ला जन्मठेप कायम झाली.

माझा सगळा आक्षेप त्या बंद दाराशी आहे. लिहिताना मला 'नानावटीच्या म्हणण्याप्रमाणे' असे दोन शब्द घालता येतात. पडद्यावर ते कसे घालणार? कॅमेरा एकदा खोलीत शिरला आणि आहुजाचं काम करणारा नट ते वाक्य बोलला, की आरोपीचा बचाव आपल्या डोळ्यांदेखत घडलेली घटना होऊन बसतो. न्यायालयानं जे ऐकून, तपासून नाकारलं, ते प्रेक्षकानं 'पाहिलेलं' असतं. दिग्दर्शकाला कॅमेरा दाराबाहेर नोकराजवळ ठेवता येतो. तेच वाक्य साक्षीच्या पिंजऱ्यातून नानावटीच्या तोंडून ऐकवता येतं. यात नाट्य कमी होत नाही, उलट प्रेक्षकाला ज्यूरीच्या, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या, जागी बसावं लागतं.

'काल्पनिक'च्या पाटीबद्दल. २०१६च्या 'रुस्तम' या सिनेमात नावं बदललेली आहेत, पण गोष्ट कुणाची ते लपलेलं नाही. त्यात मारला गेलेला माणूस नौदलाच्या भ्रष्ट व्यवहारात गुंतलेला दाखवला आहे. मूळ खटल्यात असलं काही नव्हतं. गोळ्या घालणारा देशभक्त ठरावा म्हणून मेलेल्याला देशद्रोहाच्या कडेला नेऊन बसवलं. तो काय उत्तर देणार? मृत व्यक्तीच्या बदनामीचा उल्लेख दंड संहितेच्या कलम ४९९मध्ये होता, पण त्याला घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो. तो सिद्ध करायला कोण कोर्टात जाणार?

त्या मानानं २०१९ची 'द व्हर्डिक्ट' ही मालिका मला जास्त प्रामाणिक वाटते. तिनं नावं खरी ठेवली आणि आहुजाच्या बहिणीला, मेमीला, पात्र म्हणून उभं केलं. हे मी लेखातही लिहिलं होतं. भावाच्या नावाचे टॉवेल आणि नानावटीच्या नावाची खेळण्यातली रिव्हॉल्व्हरं मुंबईच्या रस्त्यावर विकली जात असताना ही बाई खटला लढत होती. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीला माफी दिली, तेव्हा तिची लेखी संमती घेतली गेली. साठ वर्षांत या गोष्टीचा नायक कितीदा ठरला, पण या बाईभोवती फिरणारी मालिका अजून मी पाहिलेली नाही.

तिखटमिठाचं म्हणाल तर या खटल्याला ते बाहेरून आणायची गरजच नाही. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ११ मार्च १९६०ला तिथं जन्मठेप झाली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली! माणूस तुरुंगाऐवजी नौदलाच्याच ताब्यात राहिला. राज्यपालांचा अधिकार मोठा की न्यायालयाचा, हा प्रश्न त्यातून घटनापीठापुढे गेला. एवढं सगळं नोंदीत असताना बनावट कारस्थान कशाला लागतं?

आणि सगळीच प्रकरणं साठ वर्षं जुनी नसतात. वाईजवळच्या धोमचं हत्याकांड २०१६ साली उघडकीला आलं. त्यावर बेतल्याची चर्चा झालेली 'देवमाणूस' ही मालिका २०२० साली घरोघरी लागू लागली, तेव्हा खटला चालूच होता. ज्यांच्या आईचा, बहिणीचा, मुलीचा सांगाडा जमिनीतून काढला, ती माणसं याच महाराष्ट्रात राहतात आणि त्यांच्याही घरात टीव्ही आहे. इथं 'जुनं झालं' हे उत्तर चालत नाही, आणि तुमच्या प्रतिक्रियेत या प्रकरणाबद्दल एक ओळही नाही. त्यावर तुमचं मत मला खरोखर वाचायचं आहे.

'मग आम्ही बघायचंच नाही का?' असं तुम्ही शेवटी विचारलंय. बघा ना. मीही बघतो. फक्त नानावटीवर पुढची मालिका आली, की आधी सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र काढून वाचा. ते नेटवर फुकट मिळतं, आणि त्यातला घटनाक्रमाचा भाग कायद्याचं शिक्षण नसलेल्यालाही समजतो.

लेखाचं शीर्षक 'भडक' आहे, ते बदलावं, ही तुमची सूचना मात्र मला मान्य नाही. ते तसंच राहील.