दवाखान्याचं उत्तर: दाताच्या इम्प्लांटची कॅप का हलते, हिरडीतून रक्त का येतं आणि दर सहा महिन्यांनी तपासणी का

नमस्कार,

आपली तक्रार पूर्ण वाचली. पाच वर्षांपूर्वी दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलं, ते आयुष्यभर टिकेल अशी अपेक्षा होती, आता कॅप हलते, ब्रश करताना रक्त येतं आणि वर दर सहा महिन्यांनी सफाईचे पैसे, असं आपण लिहिलं आहे. आपला त्रास खरा आहे आणि तो लवकर थांबायला हवा. आपल्या तपासणीचे तपशील इथे उघड करणं योग्य नाही, म्हणून सर्वांना लागू होईल तेवढंच सांगतो.

कॅप हलते म्हणजे इम्प्लांट गेलं, असं बहुतेक वेळा नसतं. हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर अबटमेंट म्हणजे कॅपला आधार देणारा जोडभाग, आणि सर्वात वर दाताच्या आकाराची कॅप, अशी ही रचना असते. अबटमेंट एका बारीक स्क्रूने जोडलेलं असतं. तो बहुतेक कंपन्यांच्या सिस्टिममध्ये टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटरपर्यंत आवळतात. चावण्याच्या दाबाने, विशेषतः झोपेत दात खाण्याची सवय असेल तर, हा स्क्रू सैल होतो. वेळेत दाखवलं तर कॅपमधून वाट करून तो बदलता किंवा पुन्हा आवळता येतो. सैल कॅपवर आठवडेच्या आठवडे चावत राहिलं तर तो आतच तुटतो, आणि तुकडा काढताना हाडातल्या स्क्रूचे आटे खराब होण्याची भीती असते. हाडातला स्क्रूच हलत असेल तर मात्र तो काढावाच लागतो.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती रक्ताची. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला आजार होतो. खऱ्या दाताला हिरडीचे तंतू मुळात रुतून धरून ठेवतात. इम्प्लांटभोवती ते नुसते वेढून असतात, त्यामुळे जंतूंना खाली उतरायला कमी अडथळा होतो. शिवाय दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो. नुसती हिरडी सुजलेली असताना नीट सफाई केली तर ती पूर्ववत होते. हाड झिजायला लागलं की उपचाराने ते थांबवता येतं, पण गेलेलं हाड पूर्ण परत मिळेलच असं नाही. म्हणून रक्त दिसलं की त्याच आठवड्यात दाखवा.

टिकण्याबद्दल सांगायचं तर, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला प्रोफेसर ब्रोनमार्क यांनी १९६५ मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्याचे ते २००६ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत कामात होते. साधारणपणे १० वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. कॅप मात्र १० ते १५ वर्षांत झिजते किंवा तिचा टवका उडतो, मग ती बदलावी लागते. कंपनीची वॉरंटी सहसा सुट्या भागांची असते. हिरडीच्या आजाराची, तंबाखूची किंवा वाढलेल्या शुगरची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही.

आता सहा महिन्यांच्या भेटीत काय होतं ते सांगतो, म्हणजे पैसे कशाचे ते कळेल. इम्प्लांट आणि हिरडी यांच्यामधली फट किती खोल आहे हे सहा ठिकाणी हलक्या हाताने मोजून मागच्या आकड्यांशी ताडून पाहतो. चावताना कॅपवर जास्त भार येतो का, हे रंगीत कागदाने बघतो. स्टीलच्या टोकाने टायटॅनियमवर ओरखडे येतात आणि त्यांत जंतू बसतात, म्हणून प्लास्टिकच्या किंवा टायटॅनियमच्या अवजारांनी किटण काढतो. वर्षातून एकदा एक्स-रे काढून तो कॅप बसवली त्या दिवशीच्या एक्स-रेशी जुळवतो. पहिल्या वर्षी साधारण एक मिलिमीटर हाड कमी होणं अपेक्षित असतं. नंतर ते दरवर्षी घटत गेलं तर तो आजार. धूम्रपान, मधुमेह किंवा आधीचा हिरडीचा आजार असेल तर आम्ही तीन-चार महिन्यांनी बोलावतो.

घरी मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, हिरडीच्या कडेशी तिरका धरून घासा. कॅपच्या दोन्ही बाजूंना फटीत मावेल एवढा इंटरडेंटल ब्रश रोज रात्री फिरवा, त्याची तार प्लास्टिकने मढवलेली असावी. इथेच सगळ्यात जास्त हयगय होते, कारण नुसता ब्रश तिथे पोहोचत नाही. वॉटर फ्लॉसर (पाण्याच्या धारेने फटी साफ करणारं उपकरण) चांगला, पण तो इंटरडेंटल ब्रशच्या जोडीला. मशेरी, कोळशाची पावडर, मीठ यांनी घासू नका. तंबाखू आणि गुटखा तर पूर्ण बंद हवा. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच आणि दोन आठवड्यांपुरत्याच, नाहीतर दातांवर डाग पडतात आणि चव बिघडते. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) करून घ्या.

आपण याच आठवड्यात या. फोनवर इम्प्लांटची कॅप हलते एवढं सांगितलं की लवकरची वेळ देऊ. आपलं इम्प्लांट कार्ड, आधीचे एक्स-रे आणि मधुमेह असल्यास शेवटचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट आणा. आधी एक्स-रे बघू, खर्च किती आणि कशाचा हे लिहून देऊ, आणि आपण हो म्हटल्यावरच काम सुरू करू. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर सगळे रेकॉर्ड देतो. तोपर्यंत त्या बाजूने चावू नका, कॅप बोटाने हलवून पाहू नका आणि घरच्या गोंदाने चिकटवू नका. ती निघून हातात आली तर डबीत ठेवून सोबत आणा.